दुर्गम रानात नेण्यासाठी विस्तव पेटवण्याची भरवशाची साधने कोणती?

प्रश्न — रानवाट

नमस्कार. वस्तीपासून एक-दोन दिवसांच्या अंतरावर असलेल्या रानांत मुक्कामी भटकंती करण्याचा मला काही वर्षांचा अनुभव आहे, परंतु विस्तव पेटवण्याच्या साधनांचा मी आजवर कधी गांभीर्याने विचार केला नव्हता. मागच्या भटकंतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढा ओलांडताना माझा पाय निसटला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेलो. लायटर आणि काडेपेटी ही दोन्ही साधने मी कमरपट्ट्याच्या एकाच कापडी कप्प्यात ठेवली होती, त्यामुळे ती एकदमच भिजली. काडेपेटीची घासपट्टी अंगठ्याखाली सुटून आली, काड्यांच्या गुलाचा लगदा झाला, आणि लायटरचे चाक कितीही फिरवले तरी ठिणगी पडेना. खरे सांगायचे तर ते चाक नीट फिरवण्याइतकी ताकदही गारठलेल्या अंगठ्यात उरली नव्हती. सोबत्याच्या आतल्या खिशात एक कोरडा लायटर होता म्हणून आम्ही अर्ध्या तासात शेकोटीपाशी बसलो होतो. तो एकटा लायटर नसता तर ती रात्र कशी गेली असती, हा विचार अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी फेरो रॉड नावाची काळसर धातूची कांडी विकत घेतली. भिजली तरी ती चालते, असे सगळेच सांगतात. घरी आणून वर्तमानपत्राच्या बोळ्यावर तिच्या ठिणग्या पाडून पाहिल्या. ठिणग्या भरपूर पडल्या, पण कागद पेटला नाही. सुमारे वीस वेळा प्रयत्न करूनही फक्त काही ठिकाणी तपकिरी डाग उमटले. कांडी सदोष आहे, माझी पद्धत चुकते आहे, की या साधनाचे कौतुकच अवाजवी आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. लायटर, काड्या, फेरो रॉड, मॅग्नेशियमचा ठोकळा, जुन्या पद्धतीची चकमक यांपैकी नेमके काय न्यावे, किती न्यावे आणि कुठे ठेवावे, याविषयी ज्यांनी ही साधने पावसात आणि थंडीत प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर — उंचमाळ

आपली कांडी बहुधा उत्तम आहे. चुकले ते एवढेच की लायटरकडून ज्या कामाची अपेक्षा करावी ते काम आपण तिच्याकडून अपेक्षिले. लायटर ज्योत देतो आणि फेरो रॉड ठिणगी देतो, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ठिणगीचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते हे खरे, परंतु ती ठिणगी म्हणजे धुळीएवढा एक कण असतो आणि तो क्षणार्धात विझतो. त्याच्यात असलेली एकूण उष्णता अत्यल्प असते. वर्तमानपत्राचा कागद पातळ वाटला तरी त्या कणाच्या मानाने तो जाड, सपाट आणि घट्ट असतो, म्हणून उष्णता पसरते आणि मागे फक्त डाग राहतो. त्याच ठिणग्या पिंजून मोकळ्या केलेल्या कापसावर पाडून पाहा. कापसाचा एकेक तंतू इतका बारीक असतो की त्याला पेटायला तेवढी उष्णता पुरते, आणि तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेत हवा असल्याने पहिल्या-दुसऱ्या घर्षणातच ज्योत उठते.

या कांडीमागचा धातू ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधला आणि १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात सिरियम, लँथॅनम आणि त्यांच्या कुळातले इतर धातू लोहाशी मिसळलेले असतात. लोहामुळे कांडीला कठीणपणा येतो, आणि खरवडून निघालेला सिरियमचा कण १५० ते १८० अंशांच्या आसपासच, म्हणजे नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने, हवेत पेटतो. जुन्या चकमकीत याच्या उलटे घडते. तिथे गारगोटीची कठीण धार पोलादाचा कण खरवडून काढते आणि तो पोलादाचा कण तापून लाल होतो. ती ठिणगी पुष्कळच थंड असते. कोळसलेले सुती कापड किंवा तत्सम काही असल्याखेरीज ती धरत नाही, आणि धरली तरी लगेच ज्योत मिळत नाही; फक्त धुमसणारा निखारा मिळतो, तो वाळक्या गवतात गुंडाळून फुंकावा लागतो. चकमक शिकण्यात मोठा आनंद आहे आणि मी स्वतः ती आवडीने वापरतो, परंतु भिजलेल्या माणसाने जिवाचा भरवसा तिच्यावर ठेवू नये.

आता मूळ प्रश्न. माझे पहिले साधन आजही साधा, चाकाचा, गॅसचा लायटर हेच आहे, आणि फेरो रॉडचे कौतुक करणाऱ्या पुष्कळ मंडळींना ते पटत नाही याची मला कल्पना आहे. लायटर एका हाताने चालतो, त्याची ज्योत हवी तितका वेळ काटकीखाली धरता येते, आणि पेटवण, म्हणजे आधी पेट घेणारा कापूस किंवा वाळके गवत, थोडे दमट असले तरी ती ज्योत आधी ते वाळवते आणि मग पेटवते. ठिणगीला हे जमत नाही. लायटरचे दोष मात्र नेमके ठाऊक असले पाहिजेत. पहिला दोष थंडीचा. आत द्रवरूपात असलेला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे हवा गोठणबिंदूच्या आसपास आली की त्याची वाफ पुरेशी होत नाही आणि ज्योत मोहरीएवढी राहते किंवा येतच नाही. यावर उपाय सोपा आहे: लायटर बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावा, किंवा वापरण्यापूर्वी काही मिनिटे काखेत धरावा. दुसरा दोष पाण्याचा. चाक आणि त्याखालचा खडा ओले असले की ठिणगी पडत नाही. अशा वेळी लायटर जोराने झटकावा, चाकावर फुंकर मारावी आणि मग ते चाक कोरड्या कापडावर किंवा पँटच्या आतल्या बाजूवर दाबून पुन्हा पुन्हा फिरवावे. बहुतेक लायटर मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ववत होतात. आपला लायटर निकामी झाला नव्हता, त्याला वाळायला वेळ मिळाला नव्हता, असे मला वाटते. तिसरा दोष असा की पिशवीत काही दाबले गेले तर बटण खाली राहून सगळा गॅस निघून जातो, आणि हे आपल्याला ऐन वेळी कळते. म्हणून बटणाखालच्या फटीत रबराचा तुकडा किंवा प्लास्टिकचा बंद अडकवावा, आणि पारदर्शक लायटर घ्यावा, म्हणजे आत किती द्रव उरला आहे ते दिसते.

बटण दाबताच विजेची ठिणगी टाकणारे आणि निळी जोरकस ज्योत देणारे लायटर मी टाळतो. वाऱ्यात त्यांची ज्योत टिकते हे खरे असले तरी त्यांची रचना नाजूक असते, बारीक छिद्रात धूळ गेली की ते बसतात, आणि उंचीवर हवा विरळ झाली की अनेकदा नुसता टकटक आवाज करतात. चाकाच्या लायटरचा एक गुण मात्र फारसा सांगितला जात नाही, तो असा की त्यातला खडा म्हणजे फेरो रॉडचाच छोटा तुकडा असतो. गॅस पूर्ण संपला तरी ठिणगी शिल्लक असते. संपलेल्या लायटरचे चाक हळूहळू, अगदी जवळजवळ न फिरल्यासारखे फिरवून खड्याची पूड पिंजलेल्या कापसावर गोळा करावी आणि मग एकदा जोरात ठिणगी पाडावी; ती पूड भडकून कापूस पेटतो. मी हे दोनदा केले आहे.

फेरो रॉडचे स्थान माझ्या दृष्टीने दुसरे, पण अढळ आहे. तो गोठत नाही, गळत नाही, हवेच्या दाबाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि पाण्यातून काढून पुसला की लगेच चालतो. कांडी बोटाएवढी लांब आणि निदान ८ मिलिमीटर जाडीची असावी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावण्याच्या काडीसारख्या बारीक कांड्या गारठलेल्या हातात धरताच येत नाहीत आणि जोर लावला की मोडतात. नव्या कांडीवर गंज रोखणारा काळा थर असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो. खरवडणीची कडा काटकोनात आणि धारदार असली पाहिजे. कांडीबरोबर मिळणारी पत्र्याची पट्टी बहुधा गुळगुळीत असते, तिच्याऐवजी करवतीच्या पात्याचा तुकडा पुष्कळ चांगला. चाकूची पाठ वापरावी, धार कधीही नाही.

आणि पद्धतीविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तीच सर्वांची चुकते. खरवडणी पुढे ढकलली की हात पेटवणावर आदळतो आणि मेहनतीने रचलेले सारे विखुरते. त्याऐवजी कांडीचे टोक पेटवणात टेकवावे, खरवडणी त्याच्या जवळ घट्ट आणि स्थिर धरावी, आणि कांडी आपल्याकडे मागे ओढावी. ठिणग्या जिथल्या तिथे पडतात. घर्षण भरभर करण्यापेक्षा दाब देऊन सावकाश केले तर कण मोठे निघतात आणि ते जास्त वेळ जळतात.


उत्तर — काटकी

उंचमाळ यांनी साधनांविषयी जे लिहिले आहे ते मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, परंतु माझ्या मते या चर्चेत साधनाला जरुरीपेक्षा जास्त महत्त्व मिळते. ओल्या रानात विस्तव पेटत नाही तेव्हा दहापैकी नऊ वेळा ठिणगी कमी पडलेली नसते, पेटवण कमी पडलेले असते. पेटवण म्हणजे ठिणगी झेलून पहिली ज्योत धरणारा आणि ती ज्योत काटक्यांना लागेपर्यंत जिवंत ठेवणारा पदार्थ. तो रानात मिळेल अशा आशेवर न राहता घरून तयार करून न्यावा, ही माझी ठाम शिफारस आहे. वाळके गवत, पक्ष्याचे जुने घरटे, सालीचे तंतू हे सारे कोरड्या दिवशी विपुल मिळते. ज्या दिवशी त्याची खरी गरज असते त्या दिवशी ते सारे भिजलेले असते.

सर्वांत सोपे आणि माझ्या अनुभवात सर्वांत विश्वासाचे पेटवण म्हणजे पेट्रोलियम जेली चोळलेला कापूस. कापूस मात्र खरा हवा, कृत्रिम धाग्याचा नको, कारण तो वितळून आक्रसतो. जेली कापसात पूर्णपणे मुरवू नये. बाहेरून नीट चोळावी आणि आतला थोडा भाग कोरडा ठेवावा, म्हणजे वापरताना बोळा फाडून तो कोरडा भाग वर काढता येतो आणि ठिणगी तिथे धरते. कापूस इथे वातीचे काम करतो आणि जेली इंधनाचे; नुसता कापूस काही सेकंदांत राख होतो, तर जेलीचा बोळा चार-पाच मिनिटे जळतो. झाकणाला रबरी कडी असलेल्या छोट्या डबीत असे आठ-दहा बोळे मावतात. उन्हाळ्यात जेली पातळ होऊन झिरपते, म्हणून डबी पिशवीतही ठेवावी. ज्यांना हा चिकटपणा नको असेल त्यांनी कापसाच्या चकत्या वितळलेल्या मेणात बुडवून वाळवाव्यात. त्या स्वच्छ असतात आणि पाण्यात पडल्या तरी पुसून वापरता येतात, पण ठिणगीसाठी त्या मधोमध फाडून तंतू मोकळे करावे लागतात. मेण थेट आचेवर वितळवू नये, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे.

कापूर अनेक जण नेतात. तो ज्योतीने तत्काळ पेटतो आणि ओल्या पृष्ठभागावरही जळत राहतो, परंतु तो हवेत उडून जातो, आणि सैल झाकणाच्या डबीत काही महिन्यांनी नुसता वास शिल्लक राहतो. हेक्सामाइनच्या घन इंधनाच्या वड्या टिकाऊ आहेत आणि दीर्घकाळ जळतात. त्यांचा धूर विषारी असल्याने त्या बंदिस्त जागेत पेटवू नयेत, आणि ठिणगीने त्या सहजी धरत नाहीत, त्यांना ज्योत लागते. सायकलच्या ट्यूबची बोटभर लांब पट्टी पावसातही जळते. धूर काळा आणि घाणेरडा असला तरी आणीबाणीसाठी माझ्या डबीत एक पट्टी असतेच. हात निर्जंतुक करण्याच्या अल्कोहोलच्या जेलीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो: तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे विझली असे समजून पुन्हा जेली ओतणाऱ्याचा हात भाजतो.

रानातल्या पदार्थांत दोन मात्र पावसालाही दाद देत नाहीत. एक म्हणजे भूर्जाची साल. तिच्यात तेलकट द्रव्ये असल्याने ती ओली असतानाही पेटते. जिवंत झाडाची साल सोलू नये, पडलेल्या झाडाची घ्यावी. दुसरे म्हणजे चिडासारख्या झाडाच्या जुन्या बुंध्यातले किंवा फांदीच्या बेचक्यातले राळेने भरलेले लाकूड. ते पिवळसर-तांबूस दिसते, जड लागते आणि त्याला टर्पेंटाइनचा वास येतो. चाकूच्या पाठीने त्याचा बारीक भुसा खरवडला तर तो थेट फेरो रॉडच्या ठिणगीने पेटतो. १९९१ साली आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेल्या, ५,००० वर्षांहून जुन्या मानवी देहाजवळ ठिणगी झेलणारी बुरशी होती, आणि भूर्जाच्या सालीच्या डब्यात ओल्या पानांत गुंडाळून नेलेल्या निखाऱ्यांचे अवशेषही होते. ठिणगी झेलण्याची आणि विस्तव जपून नेण्याची अशी दुहेरी व्यवस्था त्या माणसाने केली होती, हे वाचल्यापासून मी माझी डबी कधी कमी करू दिलेली नाही.

सरपणाविषयी थोडेसे. जमिनीवर पडलेल्या काटक्या जमिनीची ओल शोषतात, म्हणून झाडावरच वाळलेल्या किंवा फांद्यांत अडकून राहिलेल्या काटक्या घ्याव्यात. मोडताना खटकन आवाज झाला तर ती वाळकी आहे. सारे ओलेच असेल तर मनगटाएवढे मेलेले लाकूड उभे चिरावे. आतला गाभा बहुधा कोरडा असतो, आणि त्याच्या पातळ कुरळ्या ढलप्या काढता येतात. काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्यांचे वेगवेगळे ढीग ठिणगी पाडण्यापूर्वी हाताशी असले पाहिजेत. बोळा पेटल्यावर काटक्या शोधायला उठणाऱ्याचा बोळा परत येईपर्यंत विझलेला असतो.


उत्तर — तिसरी काडी

वरील दोन्ही उत्तरांत काड्यांचा उल्लेखही जवळजवळ नाही, आणि तो असायला हवा असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी एका उतरणीवर घसरून माझे डावे मनगट मोडले. सोबती मदत आणायला गेला आणि मला पाच तास एकट्याने काढावे लागले. लायटर माझ्याजवळ होता, पण आदल्या रात्रीच त्याचा खडा संपला होता. फेरो रॉड होता, आणि तो एका हाताने कसा वापरायचा हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते. कांडी बुटाखाली दाबून मी अखेर ठिणग्या पाडल्या, पण पेटवण दर वेळी विस्कटत राहिले. शेवटी पिशवीच्या तळाशी विसरलेल्या वादळी काड्यांची नळी सापडली आणि दुसऱ्या काडीने काम झाले.

वादळी काडी म्हणजे जिच्या अर्ध्याहून अधिक लांबीवर गुलाचा जाड थर आणि वर जलरोधक लेप असतो ती काडी. तिच्या थरातच ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य असल्याने ती वाऱ्याने विझत नाही, आणि पेटलेली काडी पाण्यात बुडवून काढली तरी पुन्हा भडकते. पंधरा सेकंदांच्या आसपास ती जोरकस जळते, आणि तेवढ्यात जेलीचा बोळा हमखास धरतो. तिचा तोटा हा की ती जागा खाते आणि मोजकीच असते. साध्या काडेपेटीला मात्र मी साधनांत धरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्वीडनमध्ये सुरक्षित काडी प्रचारात आली तेव्हापासून तिचे गमक हेच आहे की पेटवणारा तांबडा फॉस्फरस काडीवर नसतो, घासपट्टीवर असतो. त्यामुळे काड्या कितीही कोरड्या राहिल्या तरी पट्टी भिजली की सारे व्यर्थ, आणि आपल्या बाबतीत तर दोन्ही भिजले. काड्यांच्या नळीत पट्टीचे दोन तुकडे स्वतंत्रपणे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत, आणि पट्टीची घासबाजू काड्यांच्या टोकांना लागणार नाही अशी ठेवावी, नाहीतर चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी त्या नळीतच पेटण्याचा धोका असतो.

विमानाने जायचे असेल तर आणखी एक विचार करावा लागतो. कुठेही घासून पेटणाऱ्या काड्यांना विमानात पूर्ण मज्जाव असतो, काड्या आणि भरलेले लायटर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात सहसा चालत नाहीत, आणि अंगावर एखादा लायटर नेऊ देतात की नाही हे देशागणिक बदलते. म्हणून उतरल्यावर ज्योतीचे साधन विकत घेण्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

मॅग्नेशियमच्या ठोकळ्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. त्याची पूड सुमारे ३,००० अंशांनी जळते हे खरे, पण नाण्याएवढा ढीग जमवायला कित्येक मिनिटे खरवडावे लागते, आणि पूड इतकी हलकी असते की एका झुळकीत निघून जाते. तेवढ्या वजनात जेलीचे बोळे नेले तर अधिक उपयोग होतो.


रानवाट

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल मी घरामागे एक चाचणी घेतली. बादलीत बर्फाचे पाणी घेऊन दोन्ही हात त्यात सहन होईल तितका वेळ बुडवले आणि मग प्रत्येक साधनाची परीक्षा केली. लायटर पाण्यात बुडवून काढला तेव्हा तो झटकून, कापडावर चाक फिरवून, पुन्हा पेटायला मला साधारण दोन मिनिटे लागली, परंतु लहान मुलांना लायटर पेटवता येऊ नये म्हणून बसवलेली चाकावरची पोलादी पट्टी बधिर अंगठ्याने दाबणे फार अवघड गेले. फेरो रॉडने जेलीचा बोळा चौथ्या घर्षणात पेटला, आणि कांडी मागे ओढण्याची युक्ती खरोखरच निर्णायक ठरली. सर्वांत जास्त वेळ कशात गेला असेल तर तो डबीचे फिरकीचे झाकण उघडण्यात. ते अखेर दातांनी उघडावे लागले. ही अडचण मला वाचून कधीच कळली नसती.

दोन शंका उरल्या आहेत. ही साधने नेमकी कुठे कुठे ठेवावीत? आणि जिथे झाडेच नाहीत किंवा सगळीकडे बर्फ आहे, तिथे यांचा उपयोग काय?


उत्तर — शेवटचा मुक्काम

मी नवख्या लोकांना मुक्कामी भटकंतीसाठी नेण्याचे काम अनेक वर्षे करतो आहे, आणि आपण बर्फाच्या पाण्याची जी चाचणी घेतली ती मी प्रत्येकाकडून निघण्यापूर्वी करून घेतो. हाताच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की बोटांची सफाई झपाट्याने घटते, आणि पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. म्हणजे भिजलेल्या माणसाजवळ नाजूक काम करण्याजोगी बोटे फार थोडा वेळ असतात. ओढ्यातून बाहेर पडताच, कुडकुडणे सुरू होण्याची वाट न पाहता, ओले कपडे बदलावेत आणि लगेच विस्तवाच्या मागे लागावे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की विचारही मंदावतो, आणि ३२ च्या खाली तर कुडकुडणेच थांबू लागते. त्या अवस्थेत कुणी स्वतः विस्तव पेटवू शकेल असे मानता येत नाही.

झाकणाच्या बाबतीत आपण मोक्याचा मुद्दा शोधलात. मी फिरकीच्या झाकणाऐवजी कुलपी बंदाची (झिपलॉक) मजबूत प्लास्टिकची पिशवी वापरतो, आणि ती एका टोकाला दातांनी फाडता येईल अशी निवडतो. पोलादी पट्टीचा त्रास होत असेल तर लायटरचे चाक अंगठ्याच्या पेऱ्याऐवजी तळहाताच्या कडेने, किंवा मांडीवर दाबून ओढून फिरवण्याचा सराव करावा. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांना मी वादळी काड्याच जास्त देतो, त्याबाबत तिसरी काडी यांच्याशी सहमत आहे. फेरो रॉड एका हाताने वापरायचा असेल तर कांडी जमिनीवर तिरकी ठेवून तिचे मूठ असलेले टोक बुटाने दाबावे, दुसरे टोक सपाट लाकडावर ठेवलेल्या बोळ्यात रोवावे, आणि खरवडणी वरून खाली, लाकडाला टेकून थांबेल अशी ओढावी. खरवडणी लाकडावर थांबली की पेटवण विस्कटत नाही.

ठेवण्याच्या जागांविषयी माझा नियम असा आहे की पाठपिशवी हरवली किंवा वाहून गेली तरी अंगावर विस्तव उरला पाहिजे. म्हणून एक लायटर आणि दोन बोळे अंगालगतच्या खिशात, छोट्या जलरोधक पिशवीत असतात, आणि ते रोजच्या चुलीसाठी कधीही वापरत नाही. फेरो रॉड आणि खरवडणी गळ्यातल्या दोरीला किंवा पँटच्या पट्ट्याला बांधलेली असते. दुसरा लायटर स्टोव्हबरोबर असतो आणि रोज वापरला जातो. वादळी काड्या आणि उरलेले पेटवण पाठपिशवीत, औषधांच्या डब्याजवळ. या सर्वांचे वजन एका सफरचंदाएवढेही होत नाही. गटाने जाताना प्रत्येकाजवळ अंगालगतच्या खिशातला हा पहिला संच असतो, कारण ज्याच्याजवळ लायटर आहे तोच नेमका वाट चुकलेला असू शकतो.

वृक्षरेषेच्या वर सरपणच नसते, तिथे विस्तव म्हणजे स्टोव्ह. स्टोव्हला बसवलेल्या विजेच्या ठिणगीवर विसंबू नये. उंचीवर आणि दमट हवेत ती सर्वांत आधी दगा देते. फेरो रॉडची एक ठिणगी मात्र गॅसचा स्टोव्ह हमखास पेटवते, आणि तिथे पेटवणाचीही गरज नसते. गॅस अगदी थोडा सोडून, चेहरा बाजूला ठेवून ठिणगी पाडावी. तंबू बंद करून आत स्टोव्ह किंवा निखारे ठेवू नयेत, हे कितीही थंडी असली तरी मोडू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते कळत नाही. जिथे बर्फ आहे आणि लाकूडही आहे, तिथे जाड ओल्या ओंडक्यांची फरशी करून तिच्यावर शेकोटी रचावी, नाहीतर ती स्वतःच्या उष्णतेने खाली जात विझते. बर्फाने लदलेल्या फांदीखाली शेकोटी पेटवू नये, कारण ऊब लागली की तो बर्फ थेट तिच्यावर कोसळतो.

वणव्याच्या हंगामात अनेक रानांत उघड्या शेकोटीला बंदी असते. ती बंदी लागू असताना ही साधने फक्त स्टोव्हसाठी आणि जिवावरच्या प्रसंगासाठी आहेत असे समजावे. बंदी नसली तरी निघताना राखेवर पाणी ओतून ती काठीने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि उघडा तळहात राखेत घालून ती थंड झाली आहे याची खात्री करावी. हात घालवत नसेल तर निघायची वेळ झालेली नाही.


रानवाट

कालच मी दोन्ही लायटरच्या बटणांखाली प्लास्टिकचे बंद अडकवले, कुलपी बंदाच्या पिशव्या आणल्या आणि जेलीचे वीस बोळे तयार केले. सोबत्याने दिलेला तो कोरडा लायटर त्याने परत घेण्यास नकार दिला आहे, म्हणून आतल्या खिशातला पहिला संच त्याच्यापासून सुरू झाला आहे. पुढच्या आठवड्यात पावसाचा अंदाज आहे; घरामागच्या मोकळ्या जागेत भर पावसात, अंगठ्याएवढ्या ओल्या काटक्या चिरून, फक्त फेरो रॉडने शेकोटी पेटवून पाहणार आहे, आणि पहिल्यांदा चहाचे आधण येईपर्यंत ती टिकली की नाही ते इथे कळवीन.